प्रबंधाची इंग्रजी: नियम कुठे पाळायचा, कुठे वाकवायचा

बीड जिल्ह्यातून पीएचडीला नोंदणी केलेल्या वाचकांच्या शंका फिरून फिरून त्याच असतात. ‘कोयता’, ‘उचल’, ‘दिंडी’, ‘गड’ हे शब्द इंग्रजी प्रबंधात तसेच ठेवले तर चालतात का? आकडे लाखात लिहायचे की मिलियनमध्ये? स्वतःला ‘आय’ म्हणायचे की ‘द प्रेझेंट रिसर्चर’? मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी सूचीत कसा बसवायचा? आणि समीक्षकाने ‘हा लेख इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा’ असा शेरा मारला तर काय करायचे?

या सगळ्या शंकांच्या मुळाशी एकच समजूत आहे. इंग्रजी शैक्षणिक लेखनाचे नियम कुठेतरी दूर, एकदाच ठरले आणि आपण ते निमूटपणे पाळायचे, अशी ती समजूत. ती खरी नाही. आज जगात इंग्रजीतून संशोधन लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांची ती मातृभाषा नाही, आणि हे नियम त्यांच्याही हातून घडत आले आहेत. त्यात मराठी माणसांचा वाटा लहान नाही. मात्र ‘नियम बदलतात’ म्हणजे ‘काहीही चालते’ असे नव्हे. कोणत्या नियमाला मान द्यायचा, कोणत्या बाबतीत मदत घ्यायची आणि कोणत्या ठिकाणी अडून बसायचे, हे ओळखता आले की निम्मी धास्ती कमी होते.

आधी नियमांची विभागणी करा

मार्गदर्शकाने किंवा समीक्षकाने लाल पेनाने खूण केली की आपण सगळ्या खुणा सारख्याच गंभीर मानतो. तसे करू नका. पहिल्या प्रकारचे नियम वाचकाच्या आकलनाशी आणि प्रामाणिकपणाशी जोडलेले असतात: दावा काय, पुरावा कोणता, दुसऱ्याचे काय आणि तुमचे काय. इथे सवलत मागू नका, कारण हे नियम इंग्रजीचे नाहीत, संशोधनाचे आहेत. मराठीत प्रबंध लिहिलात तरी तेच लागू होतात. दुसऱ्या प्रकारात ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ कुठे, कोणते शब्दयोगी अव्यय, कोणता वाक्प्रचार या गोष्टी येतात. त्या मातृभाषकांच्या सवयी आहेत. त्या चुकल्याने अर्थ फारसा बिघडत नाही, पण वाचताना खडे लागतात, म्हणून शेवटी कोणाची तरी मदत घेऊन त्या नीट करा. त्यांच्यासाठी प्रकरण अडवून ठेवू नका. तिसरा प्रकार तुमच्या विषयाला हात घालणारा: संज्ञा, मापे, नावे, कालगणना, मराठी साधने. इथे इंग्रजीचा रूढ साचा वापरला तर माहितीच चुकीची होते. इथे साचा वाकवायचा आणि तो कसा वाकवला ते वाचकाला सांगायचे.

बरेच संशोधक नेमके याच्या उलट करतात. ‘द’ राहिला म्हणून रात्र जागवतात आणि ‘कोयता’चे ‘सिकल’ करून मोकळे होतात.

मराठी लेखकांनी हे आधी केले आहे

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या विद्यापीठात तुमच्यापैकी बहुतेकांची नोंदणी आहे, त्याला ज्यांचे नाव आहे त्यांच्यापासूनच सुरुवात करू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेसाठी इंग्रजीत जी शब्दयोजना घडवली, ती म्हणजे ‘ग्रेडेड इनइक्वॅलिटी’, अर्थात पायरीपायरीची असमानता. आज ती जगभरच्या समाजशास्त्रात परिभाषा म्हणून चालते. इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही अशा माणसाने, इथल्या अनुभवासाठी तयार शब्द अपुरे पडतात म्हणून, दोन साधे इंग्रजी शब्द जवळ आणले आणि त्या भाषेला ते घ्यावे लागले.

‘दलित’ शब्दाचा प्रवास तुमच्या कामाला आणखी जवळचा आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि मराठी साहित्यातला, चळवळीतला हा शब्द इंग्रजी अभ्यासात शिरू लागला. 1992 मध्ये आलेल्या, अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट यांच्या पुस्तकाचे नावच ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ होते. आज हा शब्द इंग्रजी शब्दकोशांत आहे. त्याला कोणी अवतरणचिन्हांत कोंबत नाही. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी 2006 च्या ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ या पुस्तकात दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांना समाजशास्त्राचे साधन म्हणून मांडले आणि त्यासाठी लॅटिन अमेरिकेतून ‘टेस्टिमोनिओ’ ही कल्पना घेतली. तिथे मराठी मजकूर आणि स्पॅनिश संज्ञा इंग्रजी पुस्तकात भेटतात आणि पुराव्याची व्याख्याच रुंदावते. आणि ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ उघडा. मुंबईहून निघणाऱ्या या साप्ताहिकात लाख, कोटी, खरीप, रब्बी, तालुका हे शब्द इंग्रजी वाक्यांत सहज नांदतात.

ही उदाहरणे थोरांची आहेत, आपण साधे विद्यार्थी, असे कोणी म्हणेल. पण रूढी फक्त थोरांच्या लिखाणातून बदलत नाहीत. एखादी संज्ञा पहिल्या प्रबंधात खटकते, दहाव्यात चालते, आणि पुढे कोणी तिची व्याख्याही विचारत नाही. मधले नऊ प्रबंध तुमच्यासारख्यांचेच असतात.

नारायणगडाचे उदाहरण

समजा तुमचा विषय नारायणगडाची वारकरी परंपरा आहे. इंग्रजीत नाव लिहिताना हात आपोआप ‘नारायणगड फोर्ट’ लिहून जातो, कारण पुस्तकी समीकरण ‘गड म्हणजे किल्ला’ असे आहे. बीड परिसरात ते लागू नाही. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड ही तटबुरुजांची ठिकाणे नव्हेत. ती धार्मिक संस्थाने आहेत. त्यांना महंत आहेत, गादीची परंपरा आहे. गंमत म्हणजे पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ याच नावाचा खराखुरा किल्ला आहे. तुमच्या ‘फोर्ट’ या एका शब्दाने बाहेरचा परीक्षक थेट जुन्नरला पोचेल आणि संस्थानाच्या वहिवाटीबद्दल तुम्ही लिहिलेले सगळे त्याला विचित्र वाटेल.

म्हणून पहिल्या उल्लेखालाच एक वाक्य खर्च करा: बीड जिल्ह्यातले, नगद नारायण महाराजांच्या परंपरेचे वारकरी संस्थान, जुन्नरच्या किल्ल्याशी याचा संबंध नाही. ‘गड’ हा शब्द इथे कोणत्या अर्थाने येतो ते त्याच परिच्छेदात सांगा आणि पुढे ‘गड’च लिहा. ‘मॉनेस्ट्री’ किंवा ‘श्राइन’ लिहिण्याचा मोह टाळा. पहिला शब्द ख्रिस्ती किंवा बौद्ध मठाकडे नेतो, दुसऱ्यात महंतांची परंपरा आणि गडामागे उभा राहणारा समाज हरवतो. 12 ऑक्टोबर 2024 रोजी मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांचा दसरा मेळावा नारायणगडावर झाला. त्याचा अर्थ ‘श्राइनवर सभा झाली’ या वाक्यातून कधीच कळणार नाही. जिल्ह्यात गड हा सामाजिक वजनाचाही शब्द आहे, हे आधी सांगितले असेल तरच कळेल.

नावाचे रोमन रूपही आधीच पक्के करा. शेवटी नुसता ‘डी’ की ‘डीएच’, मधे जागा सोडायची की नाही? वृत्तपत्रे, सरकारी कागद आणि फलक यांत एकवाक्यता मिळेलच असे नाही. एक रूप निवडा, प्रबंधभर तेच ठेवा आणि इतर रूपे एका टिपेत नोंदवा. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच आहे. जुन्या इंग्रजी कागदांत ‘बिर’ सापडेल, 1969 च्या गॅझेटिअरवर ‘भीर’ आहे, आज आपण ‘बीड’ लिहितो. ही टीप दिली नाही तर तुमचा वाचक ग्रंथालयाच्या सूचीत ‘बीड’ शोधत बसेल आणि गॅझेटिअर त्याच्या हाती लागणार नाही.

ऊसतोडीवर लिहिणाऱ्यांसाठी

जिल्ह्यातले निम्मे-अधिक सामाजिक संशोधन या विषयाभोवती फिरते असे वाटावे, इतके विषय यावर निवडले जातात, म्हणून वेगळे सांगतो. ‘एक कोयता’ म्हणजे हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी हे ते मजुरीचे एकक आहे. एकटा मजूर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आता हे ‘वर्कर’ म्हणून लिहिलेत तर दोन माणसांचे श्रम एका आकड्यात लपतात, आणि बाईच्या मजुरीचा स्वतंत्र हिशेब का होत नाही हा प्रश्नच तुमच्या तक्त्यातून नाहीसा होतो. ‘उचल’चे नुसते ‘ॲडव्हान्स’ केलेत तर ती कामातून फेडायची असते आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते, हे निसटते. ‘खाडा’ म्हणजे नुसती गैरहजेरी नाही, तिच्याबद्दल कापले जाणारे पैसेही त्यात आले. हे शब्द रोमन लिपीत ठेवा, पहिल्यांदा आले की दोन वाक्यांत व्याख्या द्या, तक्त्याच्या मथळ्यात तेच वापरा. मात्र ही मोकळीक दहा-पंधरा शब्दांपुरतीच ठेवा. ‘भाकरी’, ‘पाल’, ‘बैलगाडी’ असे सगळेच मराठीत ठेवले तर वाचक दमतो, आणि खरोखर अडून बसण्याजोगे शब्द गर्दीत हरवतात. कसोटी सोपी: इंग्रजी पर्याय घेतल्याने तुमचा निष्कर्ष बदलतो का? बदलत असेल तर मराठी शब्द, नाहीतर इंग्रजी.

आकडे, नावे, वर्षे

- भारतीय नियतकालिकात लाख-कोटी बिनधास्त लिहा. परदेशी नियतकालिकाला पाठवताना पहिल्या ठिकाणी दोन्ही रूपे द्या. स्वल्पविराम मात्र एकाच पद्धतीचे. एका तक्त्यात 1,20,000 आणि दुसऱ्यात 120,000 म्हणजे गोंधळाला आमंत्रण.
- एकर-गुंठ्यातली जमीन हेक्टरमध्ये बदलायची असेल तर मूळ मापही ठेवा. 40 गुंठ्यांचा एकर हे परक्या वाचकाला एकदा सांगावे लागते.
- शके वर्षात 78 मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे जुन्या महसुली कागदांवर फसली वर्ष सापडेल. दख्खनच्या फसलीत साधारण 590 मिळवतात. 1357 फसली म्हणजे 1947-48. कागदावरचे मूळ वर्ष आधी, इसवी सन नंतर.
- संदर्भात ‘पाटील 2015’ एवढेच लिहिलेत तर कोणते पाटील ते कळणार नाही. आद्याक्षरे पूर्ण द्या. स्वतःसाठी ‘ऑर्किड’ क्रमांक घ्या; तो मोफत आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रियांना त्याचा विशेष उपयोग होतो, कारण दोन्ही नावांचे लेख एकाच खात्यावर राहतात.
- मराठी ग्रंथाचे नाव भाषांतरित करून मूळ नाव गाळू नका. रोमन लिपीतले मूळ नाव, पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ आणि भाषेचा उल्लेख, असा क्रम ठेवा. नुसते भाषांतर दिलेत तर ते पुस्तक कुणालाही सापडणार नाही.

जिथे नमते घ्यावे

आता आपल्याकडच्या काही सवयींबद्दल. त्यांना ‘आमची शैली’ म्हणून पाठीशी घालू नये. पहिले प्रकरण वेदकाळापासून सुरू करणे, ही त्यातली सर्वांत जुनी. ऊसतोड मजुरांच्या आरोग्यावरच्या प्रबंधात कृषी संस्कृतीच्या उगमाची वीस पाने कशासाठी? बाहेरचा वाचक पहिल्या दोन पानांत तीन गोष्टी शोधतो: आधी काय माहीत आहे, त्यात कोणती जागा रिकामी आहे, तुम्ही ती कशी भरता. जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचा हाच आराखडा मांडला. तो परका म्हणून नाकारण्याचे कारण नाही. तो वाचकाचा वेळ वाचवतो.

दुसरी सवय आदराची. मराठीत ‘डॉ. अमुक सरांनी म्हटले आहे’ हे शोभते. इंग्रजी संदर्भात नुसते आडनाव लिहिणे हा अनादर नाही. आभाराच्या पानावर हवे तितके आदरार्थी लिहा, आत नको. तिसरी सवय ‘द प्रेझेंट रिसर्चर’ची. पुष्कळ विषयांत आता ‘आय’ सर्रास चालते, आणि मुलाखती तुम्हीच घेतल्या असतील तर ते अधिक प्रामाणिकही वाटते. पण तुमच्या विभागाने ठरवून दिलेला साचा वेगळा असेल तर या मुद्द्यावर भांडू नका. मार्गदर्शकाचा राग ओढवून घ्यायला याहून चांगली कारणे मिळतील.

‘मग हे सगळे मराठीतच का लिहू नये?’

हा आक्षेप रास्त आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या अनेक विषयांत मराठीतून प्रबंध सादर करता येतो. नोंदणीच्या वेळी आपल्या विद्याशाखेचा नियम विभागाकडून लेखी विचारून घ्या. साधने मराठी, मुलाखती मराठी आणि वाचकही बीडमधलेच असतील, तर मराठी हा दुय्यम पर्याय नाही. एका अडचणीचा विचार मात्र आधीच करा: आपल्या विषयाचे मराठी वाचू शकणारे बाह्य परीक्षक किती आहेत, आणि पुढे लेख कुठे छापायचे आहेत? प्रबंध मराठीत आणि त्यातून निघणारे दोन लेख इंग्रजीत, ही मधली वाट अनेकांना परवडते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. शैक्षणिक इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नसते, इंग्रज विद्यार्थ्यालाही ती शिकावीच लागते, म्हणून अन्यायाची ओरड अनाठायी आहे, असे केन हायलंड यांनी 2016 मध्ये लिहिले. त्यातला पहिला भाग मान्य करून त्याचा फायदाच घ्यायला हवा: तुम्हाला लंडनचा उच्चार शिकायचा नाही, शोधनिबंधाची मांडणी शिकायची आहे, आणि ती शिकता येते. पण ओझे सारखे आहे असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये आठ देशांतल्या 908 पर्यावरण-संशोधकांची पाहणी केली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना लेख नाकारला जाण्याचा अनुभव भाषेच्या कारणाने सुमारे अडीच पट अधिक आला आणि भाषा सुधारून आणण्याची मागणी सुमारे साडेबारा पट अधिक झाली. वेळापत्रक आखताना हे गृहीत धरा. लेखनाला जितके महिने लागतील असे वाटते, त्याच्या दीडपट ठेवा.

तुमचे हक्क आणि फसण्याच्या जागा

भीतीपोटी होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे दुसऱ्याची वाक्ये जोडून प्रकरण उभे करणे. आपले इंग्रजी कच्चे म्हणून छापील वाक्य सुरक्षित वाटते, आणि नेमके तेच तपासणीत सापडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, 40 ते 60 असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, त्याच्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, आभार, रीतसर उद्धृत केलेला मजकूर, कायद्याची वाक्ये, आणि सर्वसामान्य शब्दयोजनांचे सलग 14 शब्दांपर्यंतचे साम्य यातून वगळायचे असते. तेव्हा ‘या अभ्यासाचा उद्देश असा की’ छापाच्या चौकटी खुशाल उचला, त्यात भरायचा ऐवज आपला ठेवा. आरोप झालाच तर विभागीय आणि संस्थास्तरीय समितीने नैसर्गिक न्यायाने, म्हणजे तुमची बाजू ऐकून, निर्णय घ्यायचा आहे. तोंडी दटावणी हा निर्णय नव्हे.

‘एआयने लिहिल्याची टक्केवारी’ ही वेगळी गोष्ट आहे. 2018 च्या त्या पायऱ्या साम्याच्या आहेत, एआयच्या नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात ओळखयंत्रे तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेले निबंध या यंत्रांनी सरासरी 61 टक्के वेळा यंत्राने लिहिलेले ठरवले. साधे शब्द आणि सरळ वाक्ये एवढाच त्यांचा गुन्हा. म्हणून कच्चे खर्डे, तारखांसह जुन्या फायली, मुलाखतींच्या हस्तलिखित टिपणांच्या वह्या जपून ठेवा. व्याकरणासाठी एआय वापरले असेल तर तसे नमूद करा. कुठे कितपत सांगायचे याचे प्रकाशकांचे नियम वेगवेगळे आहेत, ते आधी वाचा.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. आयोगाच्या 2022 च्या पीएचडी नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली आहे. विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती पाहा. मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. त्यामुळे ‘केअरमान्य’ असा शिक्का मिरवणाऱ्या जाहिरातीला आता काही अर्थ उरलेला नाही.

आणि तो शेरा: ‘मातृभाषकाकडून तपासून घ्या’. चिडून किंवा लाजून उत्तर देऊ नका. संपादकांना नम्रपणे विचारा की अर्थ कळायला नेमक्या कोणत्या ओळींत अडचण आली. ओळी मिळाल्या तर लगेच दुरुस्त करा. अडचण खरी असण्याचीच शक्यता जास्त. ओळी न देता शेरा तसाच राहिला तर लेख विषय जाणणाऱ्या, चांगले इंग्रजी लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडून वाचून घेतल्याचे कळवा. तो इंग्लंडचा असण्याची गरज नाही. ‘जर्नल ऑफ इंग्लिश ॲज अ लिंग्वा फ्रँका’ सारखे नियतकालिक तर लेखकांना उघड सांगते की लेख जगभरच्या अभ्यासकांना कळला पाहिजे, मातृभाषकासारखा असायची अट नाही. आणि समीक्षकाने ‘कोयता’ काढून ‘वर्कर’ लिहा असे सुचवले, तर उत्तरपत्रात तुमचा तक्ता दोनदा मांडून पाठवा: एकदा कोयत्यांच्या हिशेबाने, एकदा माणसांच्या. कोयत्यामागची मजुरी दोन माणसांत वाटली की आकडा निम्म्यावर येतो, आणि शब्द का ठेवला ते वेगळे समजावावे लागत नाही.